घड्याळे, गैरसमज आणि सामंजस्य करार

2023 च्या ऑक्टोबरअखेरीस माझी भाची एका मुलाखतीसाठी आठ दिवस दिल्लीला आमच्याकडे राहायला आली होती. तिचे घराणे तीन पिढ्या बडोद्यातले. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, महाविद्यालयात इंग्रजी आणि सिनेमापुरती हिंदी, अशी चार भाषांची ये-जा तिच्या लहानपणापासून अंगवळणी पडलेली. सोमवारी जेवण लवकर आटोपून ती बरोबर साडेआठला संगणकापुढे बसली. तिच्या वाणिज्य अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ती सहा जणांच्या एका गटात काम करीत होती. भारत, घाना, व्हिएतनाम, ब्राझील, जर्मनी आणि पोलंड असे सहा देश, सहा विद्यार्थी. एका मध्यम आकाराच्या कंपनीला आपला माल कोणत्या नव्या देशात विकता येईल, याचा अहवाल त्यांनी आठ आठवड्यांत लिहून द्यायचा होता. गुण त्या अहवालाला आणि गटातील परस्पर-मूल्यमापनाला.

त्या रात्री चौघे हजर झाले, पण जर्मनी आणि पोलंड गायब. वीस मिनिटे गेली, चाळीस गेली. भाची मला म्हणाली, "मामा, जर्मन माणसं वेळेची पक्की असतात ना? मग आम्हा लोकांना गृहीतच धरलंय म्हणायचं!" ब्राझीलच्या मुलानेही तशाच अर्थाचे काही सुनावले असावे, कारण पाठोपाठ चौघे हसल्याचा आवाज मला बाहेरच्या खोलीत ऐकू आला. सव्वानऊच्या सुमारास सर्वांनी वैतागून बैठक बंद केली. साडेनऊला ते दोघे युरोपीय आले, रिकाम्या पडद्यापुढे अर्धा तास बसले आणि गटाच्या पानावर एक थंड, सभ्य संदेश टाकून गेले. सहकाऱ्यांनी वेळेचे गांभीर्य राखावे, अशी विनंती त्यात होती.

चूक कोणाची? कोणाचीच नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास मागे घेतात. भारत, घाना आणि व्हिएतनाम ही प्रथा पाळत नाहीत. ब्राझीलने ती 2019 साली सोडून दिली. बैठक ठरली होती जर्मन वेळेप्रमाणे संध्याकाळी पाचला. उन्हाळी वेळेत तेव्हा आपल्याकडे साडेआठ वाजतात, हिवाळी वेळेत साडेनऊ. एका साध्या संदेशात वेळ कळविली गेली होती, प्रत्येकाने आपापल्या घड्याळाशी तिचा मेळ एकदाच घातला होता आणि मग ती वेळ डोक्यात पक्की झाली होती. रविवारी पहाटे घड्याळ हलले, सोमवारी माणसे चुकली.

यातली बोचणारी गोष्ट निराळीच आहे. दोन्ही बाजूंनी आधीपासून मनात असलेले चित्र बाहेर काढले आणि घटनेवर चिकटविले. चौघांना युरोपीय माणूस उद्दाम वाटला, दोघांना बाकीचे जग ढिसाळ वाटले. घड्याळाच्या एका नियमाची संस्कृतीच्या नावावर नोंद झाली! आणि हे सहाही जण भली, शिकलेली, परस्परांशी गोड बोलणारी मुले होती.

मला माझे गुवाहाटीचे दिवस आठवले. 1998 साली तेथे बदली होऊन गेलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात एका चहाच्या मळ्यावर कामानिमित्त जायचे होते. व्यवस्थापकांनी नऊ वाजता नाश्त्याला बोलाविले होते. मी आमच्या शिरस्त्याप्रमाणे नवाला दोन मिनिटे कमी असताना दारात हजर. यजमानांचा चेहरा आंबट, टेबलावर गार झालेली अंडी. मळेवाल्यांच्या जुन्या साहेबी तोऱ्याबद्दल ऐकलेले सारे मला तत्क्षणी खरे वाटले. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने सांगितले, "सर, इथे बागान टाइम चालतो." आसामच्या चहामळ्यांत घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या एक तास पुढे ठेवतात. सूर्य तिकडे फार लवकर उगवतो, मजुरांना उजेडात काम करावे लागते, म्हणून ही इंग्रजी अमदानीतली सोय आजवर टिकून राहिली आहे. यजमान तासभर माझी वाट पाहत होते, आणि दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्यांच्या तोऱ्याबद्दल त्यांनीही पूर्वी ऐकलेले त्या तासाभरात त्यांना खरे वाटले असणार.

ही समज मला त्या गार नाश्त्याने दिली, कोणत्याही प्रशिक्षणाने नव्हे. म्हणूनच, परक्या माणसांबरोबर काम करण्याचे कौशल्य व्याख्यानांतून येते, यावर माझा फारसा विश्वास नाही. ते चुकीच्या वेळी पोहोचण्यातून येते. मात्र चुकीचे कारण नंतर कोणी तरी सांगणारे हवे.

आपल्या व्यवस्थापन महाविद्यालयांत हा विषय कसा शिकवितात, ते अनेक वाचकांनी पाहिले असेल. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेडे यांनी आयबीएम कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलींवरून 1980 साली एक मोठा ग्रंथ लिहिला. सत्तेतील अंतर, व्यक्तिवाद, अनिश्चिततेची भीती अशा मोजपट्ट्यांवर प्रत्येक देशाला त्यात आकडा मिळाला. काम मोठे होते आणि आपल्या मर्यादांची जाणही त्यांना होती. पण वर्गात उरतो तो नुसता तक्ता: भारत इतका, जर्मनी इतकी. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, सरासरीशी माझे भांडण नाही. परंतु ज्याने खासी घरात धाकट्या मुलीकडे वारसा जाताना पाहिला आहे आणि चेन्नईच्या कार्यालयात दोन वर्षे काढली आहेत, त्याला 'भारत' या नावापुढचा एकच आकडा पाहून हसू येते. ज्या विद्यार्थ्याने तक्ता पाठ केला आहे, तो तर सोमवारी रात्री आणखीच ठामपणे म्हणेल की जर्मन असे असतात.

परदेशी विद्यार्थ्यांबरोबर दूरस्थ काम ही कल्पना काही कोविडच्या काळात जन्मली नाही. 1988 साली, शीतयुद्ध अजून संपायचे होते तेव्हा, न्यूयॉर्क राज्यातील आणि मॉस्कोतील शाळा संगणकाने जोडून मुलांना एकत्र प्रकल्प करायला लावण्याचा प्रयोग झाला. युरोपीय संघाने 2005 पासून शाळांसाठी अशी योजना चालविली. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने 2006 साली यासाठी स्वतंत्र केंद्र काढले. तेथील पद्धतीत दोन देशांतले दोन प्राध्यापक मिळून अभ्यासक्रमाचा एक भाग आखतात आणि दोन्ही वर्ग तो एकत्र पार पाडतात. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी 2010 साली अमेरिकेतील ग्रीन्सबरो येथील प्राध्यापक व्हास तारास यांनी 'एक्स-कल्चर' हा उपक्रम सुरू केला. त्यात निरनिराळ्या देशांतले सहा-सात विद्यार्थी एका गटात टाकून त्यांना खऱ्या कंपन्यांचे प्रश्न सोडवायला देतात. कोविडने एवढेच केले की, ज्यांना हे अशक्य वाटत होते त्यांच्या घरातही पडदा आणि माइक आणून ठेवले.

आर्थिक बाजू तर इतकी उघड आहे की तिच्यावर फार लिहू नये. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार आपल्या उच्च शिक्षणात सुमारे 4.33 कोटी विद्यार्थी आहेत. परदेशात शिकणारे भारतीय विद्यार्थी 2024 साली तेरा लाखांच्या आसपास होते, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरांनी त्यासाठी कर्ज काढले किंवा जमीन-दागिने मोडले. शंभरांतल्या तिघांनी विमानात बसावे आणि उरलेल्या सत्त्याण्णवांनी 'जागतिक दृष्टी' या शब्दावर निबंध लिहावा, अशी ही व्यवस्था आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात घरबसल्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा उल्लेख आहे. उल्लेख आहे, हे खरे.

नुसती ओळख करून दिली की पूर्वग्रह गळून पडतात, ही समजूत भाबडी आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 सालीच दाखवून दिले होते की संपर्काने मने जुळायची तर काही अटी लागतात: दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठायला एकमेकांची गरज लागायला हवी आणि वरिष्ठ व्यवस्थेचा पाठिंबा हवा. या कसोटीवर आपले बहुतेक 'सांस्कृतिक आदानप्रदान' कार्यक्रम नापास होतील. साडी नेसून स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींना समोरच्या देशातल्या मुलांची गरज टाळ्यांपुरतीच असते.

समान दर्जाची अट सर्वांत कठीण. आंतरराष्ट्रीय गटात इंग्रजी सफाईने बोलणारा विद्यार्थी आपोआप पुढारी होतो, जसा आपल्याकडे कॉन्व्हेंटमधला मुलगा गटचर्चेत होतो. भाचीच्या गटातली व्हिएतनामची मुलगी बैठकीत जवळजवळ बोलतच नसे. तिसऱ्या आठवड्यात परस्परांना गुण द्यायची वेळ आली तेव्हा भाचीने तिला सर्वांत कमी द्यायचे ठरविले होते. मी सहज विचारले, "लिहिलेला मजकूर कोणाचा किती आहे, ते पाहता येतं का?" पाहता येत होते. बाजारपेठेच्या आकडेवारीचा निम्मा भाग त्या मुलीने रात्री एकटीने बसून रचला होता आणि दुसऱ्यांच्या चुकाही न बोलता दुरुस्त केल्या होत्या. पुढे त्यांनी नियम केला की प्रत्येक बैठकीआधी सर्वांनी आपले म्हणणे चार ओळींत लिहून टाकायचे आणि मगच बोलायचे. आमच्या मंत्रालयांतल्या बैठकांनाही हा नियम लावावा, असे मला फार वाटते. तेथेही मोठ्या आवाजाचा मनुष्य इतिवृत्त लिहवून घेतो आणि माहिती असलेला अवर सचिव मागच्या खुर्चीत गप्प असतो.

भाचीची स्वतःची चूक मात्र अस्सल आपली होती. पोलंडच्या मुलाने विचारले, किमतींचा भाग गुरुवारपर्यंत होईल का? ती म्हणाली, "हो, बघते." गुरुवारी काम आले नाही. आपल्या भाषेत 'बघतो' या शब्दाचे किती अर्थ आहेत! वरिष्ठाला 'बघतो' म्हणजे जमणार नाही पण तोंडावर कसे सांगू. अर्जदाराला 'बघतो' म्हणजे उद्या येऊ नका. आणि शासकीय पत्रात तोच शब्द 'विचाराधीन' असा सोवळे नेसून येतो. तिने हा सगळा व्यवहार इंग्रजीत जसाच्या तसा नेला. समोरच्याने तो होकार मानून आपले पुढचे काम त्यावर रचले, आणि कोलमडल्यावर उघड लिहिले की हा भाग वापरण्याजोगा नाही आणि मुदतही पाळलेली नाही. ती रडली. इतके रोखठोक तिच्याशी घरात, शाळेत, कोठेही कोणी बोललेले नव्हते. दोन दिवसांनी तिच्या लक्षात आले की, ज्याने हे लिहिले त्यानेच त्याच संदेशात तिला लागणारी आकडेवारी जोडून पाठविली आहे. रागाच्या भरात तिने खालची जोडपत्रे उघडलीच नव्हती.

येथे अर्थशास्त्रज्ञाची नेहमीची शंका येते: गटात आयतोबा किती? मॅन्कर ओल्सन यांनी 1965 साली सामूहिक कृतीवर जे लिहिले, त्याचा गाभा हाच की लाभ सर्वांचा असेल तर कष्ट दुसऱ्याने करावेत, असे प्रत्येकाला वाटते. आपल्या महाविद्यालयांतला गट-प्रकल्प म्हणजे एकाने लिहावा आणि पाचांनी नाव घालावे. (समित्यांच्या अहवालांविषयी मी येथे काही म्हणत नाही.) चांगल्या आंतरराष्ट्रीय उपक्रमांत यावर उपाय असतो: दर आठवड्याला छोटी मुदत, आणि सहकाऱ्यांनी एकमेकांना दिलेले गुण अंतिम गुणांत खरोखर धरणे. आपल्या विद्यापीठांना हे पचत नाही. गुण देण्याचा अधिकार विद्यार्थ्याला कसा द्यावा, असा प्रश्न येतो. पण अधिकार नाही तर जबाबदारीही नाही, हे सूत्र आपण स्वतःच्या बढतीच्या बाबतीत किती तळमळीने मांडतो!

आता प्रशासनाकडे येतो. मी एका महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर काही काळ शासनाचा प्रतिनिधी होतो. एकाच बैठकीपुढे दोन प्रस्ताव आले. पहिला, दोन ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी परदेशातील एका विद्यापीठाशी सामंजस्य करार करण्यासाठी आठवडाभर तेथे जावे. दुसरा, वाणिज्य विभागातील एका तरुण प्राध्यापिकेचा. तिला परदेशातील एका वर्गाबरोबर सहा आठवड्यांचा संयुक्त प्रकल्प करायचा होता. तिने मागितले होते ते इतकेच: चांगल्या इंटरनेटची एक खोली संध्याकाळी सात ते साडेनऊ उघडी राहावी, आणि त्या सत्रात तिच्या कार्यभारातून दोन तासिका कमी व्हाव्यात. पहिला प्रस्ताव सात मिनिटांत मंजूर झाला. दुसऱ्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि तो पुढील बैठकीपर्यंत ठेवला गेला.

त्या मंडळातली माणसे वाईट नव्हती. करार हा मोजता येतो. मूल्यांकनाच्या तक्त्यात कार्यरत करारांची संख्या भरायला रकाना असतो. एका मुलीने परदेशी सहकाऱ्याला नीट 'नाही' म्हणायला शिकल्याचा रकाना नसतो. प्रवासभत्त्याला लेखाशीर्ष आहे, संध्याकाळी उघड्या राहणाऱ्या खोलीला नाही. शिवाय भीती. 2021 च्या जानेवारीत शिक्षण मंत्रालयाने परिपत्रक काढले होते की शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थांनी ऑनलाईन आंतरराष्ट्रीय परिषदांसाठी पूर्वपरवानगी घ्यावी. वैज्ञानिक अकादमींनी आक्षेप घेतले आणि फेब्रुवारीत ते मागेही घेतले गेले. विद्यार्थ्यांच्या वर्गकामाचा त्याच्याशी मुळातच संबंध नव्हता. पण आमच्या व्यवस्थेत परिपत्रक निघाल्याची बातमी प्रत्येक कपाटापर्यंत पोहोचते, मागे घेतल्याची पोहोचत नाही. त्या बैठकीतही एका सदस्यांनी विचारलेच, "दिल्लीची परवानगी आहे का?" दिल्ली म्हणजे त्या टेबलावर मीच होतो. मी सांगितले की लागत नाही. त्यांनी ते लेखी मागितले.

परदेशी जोडीदार मिळत नसेल, तर देशातच काय कमी आहे, असाही एक विचार मी मांडत आलो आहे. 'एक भारत श्रेष्ठ भारत' ही योजना 2015 साली जाहीर झाली आणि तिच्यात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावली गेली. मी पाहिलेले बहुतेक कार्यक्रम नृत्य आणि खाद्यपदार्थांचे. ते छानच होते. पण कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि ओडिशात गहिरमाथा व ऋषिकुल्येच्या मुखाशी तीच कासवे लाखांच्या संख्येने येतात. कासवांसाठी ओडिशात गहिरमाथा व त्या नदीमुखांच्या परिसरात नोव्हेंबर ते मे असे सात महिने मासेमारी बंद ठेवतात. तेथल्या कोळ्याचे त्या सात महिन्यांत काय होते आणि रत्नागिरीच्या कोळ्याला त्यातून काय घेण्यासारखे आहे, हा प्रश्न दापोली आणि ब्रह्मपूर येथल्या सहा मुलांना मिळून सोडवायला द्यावा. बोलावे लागेल हिंदीत किंवा इंग्रजीत, म्हणजे दोन्ही बाजूंना परक्या भाषेत. ऑलपोर्टची समान दर्जाची अट तेथे आपोआप पुरी होते. अशा एका सत्रानंतर तीच मुले घाना किंवा पोलंडच्या मुलांबरोबर बसली, तर 'बघतो' म्हणण्याआधी थांबतील.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे शिक्षण फुकट घेतलेले आहे, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळत नाही. इंदूर, बडोदे, तंजावर, बेंगळुरू येथे वाढलेले मराठी मूल दारापासून चौकापर्यंत जाताना दोनदा भाषा आणि एकदा वागणे बदलते. गावातच जन्मून गावातच पदवी घेतलेल्या मुलाला ती संधी कोणी तरी मुद्दाम निर्माण करून द्यावी लागते.

भाचीच्या गटाचा अहवाल मध्यमच ठरला. घानाच्या मुलाशी तिचा अजूनही पत्रव्यवहार आहे. त्या सोमवारी पाऊण तास रिकामे बसले असताना त्या चौघांना पहिल्यांदाच कामाव्यतिरिक्त बोलायला सवड मिळाली होती, आणि तो आपले सारे लेखन मोबाइलवर करतो, हे बाकीच्यांना तेव्हा कळले. त्याच्या लेखनातल्या ज्या त्रुटींवर सर्वांनी आडून शेरे मारले होते, त्या लहान पडद्याच्या होत्या.

त्या प्राध्यापिकेचा प्रस्ताव तिसऱ्या बैठकीत मंजूर झाला, तासिकांच्या सवलतीविना. खोली मिळाली. पहिल्या सत्रात चौदा विद्यार्थी बसले. आता प्रश्न उरला आहे पहारेकऱ्याचा. साडेनऊपर्यंत थांबण्याचा त्याचा भत्ता कोणत्या लेखाशीर्षातून द्यावा, याविषयीची नस्ती लेखा विभागाकडे गेली आहे. तोवर ती प्राध्यापिका त्याला दर महिन्याला स्वतःच्या पगारातून पैसे देते.